पहिली फेरी मेकॅनिकची

पाच आणि चारच्या मधे

"आई! आई, आवाज दे ना! आई!"

राजू बोकडे नावाचा पन्नाशीचा माणूस चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या बंद दारावर तळहात आपटत होता. मागे त्याची बायको, तिच्या मागे शेजारचे दोघं, आणि जिन्यात अर्धी स्कीम, म्हणजे अर्धी बिल्डिंग, गोळा झालेली. लिफ्ट पाचव्यावरून निघाली आणि चौथ्यावर पोचायच्या आधीच थांबली. आत त्याची आई होती, वच्छलाबाई. ती बराच वेळ झाला, बोलत नव्हती.

"बेशुद्ध झाली असंल."

"हार्टचं आहे का त्यांना काही?"

"नाही हो, बीपीचं."

"मग बीपीच."

"तोडा ना दार! वॉचमनला म्हणा पहार आण."

"पहारीला हात लावायचा नाही," धाबर्डे सर म्हणाले. सर बुटके, चष्म्याला दोरी बांधलेली, सगळी उमर लिफ्टच्या कामात गेलेली. "लिफ्टची गाडी अधांतरी आहे. दार तोडलं तर तिच्याखाली सरळ विहीर. आई राहतील वर आणि तुम्ही पडाल खाली."

पहार आणायला निघालेला वॉचमन थांबला.

सरांसोबत आम्ही दोघं शिकाऊ होतो. फैजान आणि मी. काय करायचं ते आम्हाला पाठ होतं. गच्चीवरच्या खोलीत जाऊन वीज बंद करायची, ब्रेक हळूच सैल करायचा आणि मोठं चाक हाताने फिरवायचं, म्हणजे गाडी सरकत सरकत खालच्या मजल्याला लागते. मग दार किल्लीने उघडायचं. पण सरांचा एक नियम होता. आतला माणूस 'हो' म्हणाल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. अंधारात न सांगता गाडी हलली की माणूस घाबरून दारावर झेप घेतो. सरांनी ते एकदा पाहिलं होतं. काय पाहिलं ते सांगत नसत.

आणि इथे आतून 'हो' नाही, 'नाही' नाही, खोकलासुद्धा नाही.

"फैजान, माझ्यासोबत वर चल. डिंपल, तू इथे थांब. त्यांचा 'हो' आला की फोन कर."

"सर, मी?"

"तू."

त्या दिवशी सकाळीच मी कोर्स सोडला होता.

सकाळ (आधी ही सांगायला हवी होती)

सेफ्टीचे जोडे कॅरीबॅगमधे घालून मी केंद्रावर पोचले. पायात चप्पल. जोडे जमा करायचे आणि घरी जायचं, एवढंच काम होतं.

केंद्र म्हणजे इमामवाड्याच्या मागचं एक जुनं गोदाम. शिक्षण सुटलेल्या आणि काम न लागलेल्या पोरापोरींसाठी तिथे फुकट शिकवत. माझं नाव आईने टाकलं होतं. ती एका होस्टेलच्या मेसमधे पोळ्या करायची. तिथल्या वॉर्डनने तिला सांगितलं आणि तिने मला न विचारता माझे फोटो देऊन टाकले. मी तेव्हा तीन वर्षं घरात होते. कोणी काही केलं नव्हतं मला. प्रेमभंग नाही, मार नाही, आजार नाही. बारावीत एकदा राहिले, दुसऱ्यांदा पेपरलाच गेले नाही, आणि मग दिवस एकमेकांना चिकटत गेले. आधी मी रामटेकेंच्या पिठाच्या चक्कीवरून जायचं सोडलं आणि नाल्याकडच्या गल्लीने जायला लागले. मग लग्नांना जायचं सोडलं. मग नाल्याकडच्या गल्लीनेही जायचं सोडलं.

गोदामात मधोमध एक लिफ्ट उभी होती. नुसता लोखंडी सांगाडा, त्यात गाडी, आणि दोनच थांबे. खाली आणि वर. वर काय, तर फळ्यांचा एक माळा आणि त्यावर तीन पायांची खुर्ची. आमची लिफ्ट कुठेच जात नव्हती. दिवसभर आम्ही तिला त्या खुर्चीपर्यंत नेत होतो आणि परत आणत होतो. मला ते आवडायचं. तारा, ब्रेक, दाराचे विजेचे संपर्क, काय कशाला बांधलेलं आहे, कशाने काय थांबतं. या सगळ्याला बोलावं लागत नाही. हाताला कळतं.

पण सुटकेचा सरावही असायचा. एकाने आत अडकायचं आणि एकाने बाहेरून बोलायचं. नाव विचारायचं, धीर द्यायचा, काय चाललं आहे ते सांगत राहायचं.

"आत कोण बसणार?" सर विचारायचे.

माझा हात सगळ्यात आधी वर.

आतला दिवा बंद करत. बाहेरून कोणीतरी आरोळ्या देत असे आणि मी खाली बसून, बटणांच्या वर चिकटवलेला 'चार व्यक्ती' असा कागद नखाने सोलत असे. इतकं बरं वाटायचं, की सुटका झाली की थोडा रागच यायचा.

शेवटच्या महिन्यात साइटवरची कामं सुरू होणार होती, म्हणून सरांनी मला बाहेर उभं केलं. आत फैजान. सगळे बघतायत. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. मग आतून फैजानच बोलला,

"ताई, इथे मी मेलो की काय? कोणी विचारून नाही राहिलं."

सगळे हसले. मीही हसले. खरंच हसू आलं. मग घरी जाऊन जोडे कॅरीबॅगमधे भरले.

तर सकाळी सरांनी कॅरीबॅगकडे पाहिलं.

"सोडते?"

"हो सर."

"जोडे घेणाऱ्या मॅडम जेवण करून येतात. माझ्याकडे नको देऊ, मी ठेवून विसरतो." त्यांनी फोन खिशात टाकला. "आता एक कॉल आला आहे, तुमच्यातला स्वप्नील आजारी पडला. माणूस कमी आहे. तोवर जोडे घाल आणि चल. चप्पल राहू दे इथेच."

आग्रह केला असता तर मी नाही म्हणाले असते. आग्रह करण्याइतकाही वेळ नव्हता त्यांना.

बाहेर

सर आणि फैजान गच्चीकडे गेले. मी दारासमोर उभी राहिले, हातात तिकोनी किल्ली.

"आता कोण बोलणार?" राजू बोकडे म्हणाले. "ही पोरगी?"

"आई, ऐकून राहिल्या का?" त्यांची बायको ओरडली.

"अहो, बेशुद्ध माणूस ऐकते का?"

"किती वेळ झाला? मेंदूला हवा लागते म्हणतात."

मी दाराकडे पाहत होते आणि मला आतलं दिसत होतं. खरंच सांगते. दिवा गेलेला, पंखा थांबलेला, आणि फटीतून हे सगळं आत येत असलेलं. आतून बाहेरचं नीट ऐकू येतं, पण कोण बोलतं ते कळत नाही. सगळे आवाज एक होतात. एकच मोठं तोंड बोलतं आहे असं वाटतं. बेशुद्ध. हार्ट. पहार. मेंदू.

"चूप बसा!"

तीन वर्षांत माझा आवाज एवढा मोठा निघाला नव्हता. मीच दचकले.

"तू कोण मला सांगणारी?" राजू बोकडे म्हणाले.

"दादा, तुमचं सगळं आत ऐकू जातं," मी हळू म्हणाले. "तुम्ही 'बेशुद्ध' म्हणता, तेही."

त्यांच्या बायकोने तोंडावर पदर घेतला. राजू बोकडेंनी दाराकडे असं पाहिलं, जणू दारच काही बोललं आहे. मग आपोआप सगळे दोन-दोन पायऱ्या वर सरकले.

मी फरशीवर बसले आणि दाराच्या फटीला तोंड लावलं. नाव विचारायचं असतं आधी. मी नाही विचारलं.

दारातून

"आजी, मी इथे खाली बसली आहे. दाराशी. मी काही विचारणार नाही तुम्हाला."

काही नाही.

"मीपण पुष्कळदा आत बसते. आमच्या शिकायच्या लिफ्टमधे. अंधारात."

काही नाही.

"बरं वाटतं तसं. कोणी येत नाही, कोणी विचारत नाही."

आत काहीतरी सळसळलं. पिशवी असावी.

"बटणांच्या वर एक कागद चिकटवलेला असतो ना, किती माणसं बसायची तो? मी तो नखाने सोलत बसते. आमचा अर्धा सोलून झाला आहे."

"इथला कोण्या मेल्यानं अगोदरच सोलून ठेवला."

"आजी!"

"वरडू नको. मी ठीक आहे. त्याले नको सांगू."

"कोणाला?"

"राजूले. राहू दे त्याले जरा तसाच."

"ते रडायला आले आहेत, आजी."

"येऊ दे. सकाळी मले काय म्हणते, आई, तुले काय काम आहे, घरीच त बसायचं आहे तुले. अवं, उमरेडले माह्या बहिणीच्या नातीचं लगन आहे. सरगुंडे करायचे आहेत लगनाचे. बाया बसतात दहा-बारा, रवा भिजवून काडीवर शेवयांवानी वळतात, गाणे म्हणतात. हा म्हणते विकत आणू. सरगुंडे विकत!"

"म्हणून पिशवी घेऊन निघालात?"

"निघाली. न् हे डबडं मधेच बसलं. मीबी बसली मग. चिवडा होता पिशवीत."

"आजी, तुम्ही चिवडा खाऊन राहिल्या आणि बाहेर पहार आणत होते."

"ऐकलं मी. बीपी म्हणे. माह्यं बीपी त्याच्यापेक्षा चांगलं आहे. तू कोण वं?"

"डिंपल."

"नाव नाही विचारलं. काय करते तू?"

इथे मला थांबावं लागतं. त्या दिवशीही थांबले होते. चक्कीवर बायका हेच विचारायच्या. लग्नात पंगतीत हेच. किराणावाला सुटे पैसे देता देता हेच. काय करून राहिली सध्या? चांगल्या मनानेच विचारायचे सगळे. आणि मी गल्ली बदलायचे. आता समोर लोखंडी दार होतं आणि बाजूला एकही गल्ली नव्हती.

"काऊन, गेली का?"

"नाही, आजी. आहे." मी फटीच्या आणखी जवळ सरकले. "लिफ्टचं काम करते."

"पोरगी असून?"

"हो."

"येते का तुले?"

"शिकून राहिली. वर सर चाक फिरवतील, गाडी चौथ्यावर येईल. दार मी उघडीन."

"तूच?"

"मीच. किल्ली माझ्याकडे आहे."

आत पुडी सळसळली. मग कुरकुर. चिवडा.

"बरं आहे बाप्पा. मले त म्हणते कामच नाही."

"सरगुंडे आहेत ना."

ती हसली. फटीतून हसणं असं येतं, की आधी हवा येते आणि मग आवाज.

"आजी, गाडी हलवायची आहे. थोडे धक्के बसतील. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून, खाली बसूनच राहायचं. तुम्ही 'हो' म्हणाल्याशिवाय सर हलवणार नाहीत."

"चौथ्यावर नाही उतरत मी. तिथं राजू उभा आहे. मले सीध्धं खाली ने."

"हाताने एवढं खाली नाही नेता येत. चौथ्यावर उतरा, पायरीवर बसा. आम्ही लिफ्ट सुरू करतो. मग मी स्वतः तुम्हाला खाली सोडते. वचन."

"सुरू झाली की लगेच मीच बसीन."

"नाही. पहिली फेरी मेकॅनिकची. मी एकटीनं जाऊन येते, मग तुम्ही."

"हे काऊन?"

"पडली तर तुम्ही नको पडायला."

"आणि तू?"

"म्हणून तर नीट करतो आम्ही."

पुन्हा आधी हवा आली, मग आवाज.

"हो," वच्छलाबाई बोकडे म्हणाल्या. "घे. म्हटलं हो."

चौथा

"सर, 'हो' म्हणाल्या."

"कोणाचा 'हो'? तुझा की त्यांचा?"

"त्यांचा. आणि सर, त्या चिवडा खाऊन राहिल्या."

वरून फैजानचं हसू ऐकू आलं, फोनमधूनही आणि जिन्यातूनही.

गाडी आली. हातभर सरकायची, थांबायची. दर वेळी आधी मी सांगायचे, "आता हलेल, आजी." आतून उत्तर यायचं, "हलू दे." जिन्यावरची मंडळी कानात प्राण आणून ऐकत होती. आईचा आवाज ऐकल्यावर राजू बोकडे पायरीवर मटकन बसले आणि बायकोला म्हणाले, "बोलते ना ती!" जणू कोणी त्यांचा वाद जिंकून दिला होता.

किल्ली लावली. दार उघडलं. नऊवारीतली एक वाळकी, ताठ म्हातारी कापडी पिशवीवर बसली होती. तिने चिवड्याची पुडी गुंडाळली, पदर झटकला, माझ्या हाताला धरून उठली. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग जोड्यांकडे.

"आई..." राजू बोकडे पुढे झाले.

"तुह्याशी नाही बोलत," ती म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. "लिफ्ट झाली की सांग, डिंपल."

"चल ना घरात. चहा घे."

"इथंच आण."

चहा तिथेच आला. आम्हालाही आला. पाचव्याच्या दाराचा एक संपर्क सैल झाला होता. दार लागलं तरी गाडीला ते उघडंच वाटत होतं, म्हणून ती थांबली. फैजानने तो घट्ट केला, मी बॅटरी धरली. मग सरांनी मलाही करून पाहायला लावलं. फैजान माझ्या कानाशी म्हणाला, "मी अडकलो होतो तेव्हा एवढं बोलली असती तर?"

"तू चिवडा कुठे खात होता?" मी म्हणाले.

सरांनी वीज सुरू केली. आतला दिवा लागला, पंखा फिरला.

"कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

मी हात वर नाही केला. सरळ जाऊन बसले.

पहिली फेरी

पाच. दार उघडलं. एक बाई भाजीची थैली घेऊन. "झाली का सुरू?" झाली काकू, दोन मिनिटं थांबा.

सहा. दोन पोरं आणि सायकल. "दीदी, आम्ही येऊ?" पुढच्या वेळी.

सात. कोणी नाही. फोडणीचा वास.

आठ. एक आजोबा, काठी, टोपी. कधीचे उभे असावेत. मला पाहिलं, मागे कोणी आहे का पाहिलं. "मेकॅनिक कुठे आहे?" मी म्हणाले, "बोला." आजोबा जरा गोंधळले. मग म्हणाले, "दार लागताना खरखरते." मी म्हणाले, "बघते."

नऊ. दार उघडलं. मला वाटलं होतं, तीन पायांची खुर्ची असेल. इतक्या महिन्यांची सवय. पण समोर लांब व्हरांडा होता, दोऱ्यांवर कपडे, कुंड्यांत तुळस आणि ओवा, कोणाच्या तरी घरात टीव्ही मोठ्याने लावलेला. आणि पलीकडे कठड्यावरून सगळं नागपूर. मी बटण दाबून दार जरा वेळ उघडंच ठेवलं. चाचणीत तसं करायचं असतं. नसतं तरी ठेवलं असतं.

तळमजला

दुसरी फेरी वच्छलाबाईंची. मी, ती, आणि पिशवी धरलेले राजू बोकडे. आई-मुलगा एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून दोघं माझ्याशी बोलत होते.

"हिला विचारा, उमरेडची बस किती वाजता आहे ते तरी पाहिलं का?"

"त्याले सांग, गाडी काढ. न् दोन किलो रवा घे रस्त्यात, रिकाम्या हातानं नाही जात मी."

"हिला सांगा, मीच सोडून येतो उमरेडला. पण परवा परत यायचं."

"त्याले म्हण, पाहू."

तळमजल्यावर दार उघडलं. म्हातारी बाहेर पडली, दोन पावलं गेली, परत आली आणि पदराने लेकराचं तोंड पुसतात तसं लिफ्टचं बटण पुसलं. मग गेली.

आम्ही केंद्रावर परतलो तेव्हा जोडे घेणाऱ्या मॅडम येऊन बसल्या होत्या. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. सर खिडकीतून बाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"जोडे जमा करायचे होते ना तुझे?" मॅडम म्हणाल्या.

"ग्रीस लागलं आहे, मॅडम. पुसून आणते उद्या."

"उद्या माझी सुट्टी आहे."

"मग परवा."

सरांनी खिडकी लावली. "उद्या सकाळी सीताबर्डीला कॉल आहे," ते फैजानला म्हणाले, पण आवाज मला ऐकू येईल एवढा होता. "दोघं लागतील."

याला आता बरीच वर्षं झाली. तसले आणखी तीन जोड मी झिजवले. फैजान पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, त्याच्या हाताखाली माणसं आहेत आणि तो अजून तोच विनोद सांगतो. गोदामातली ती लिफ्ट आहेच. आठवड्यातून एकदा मी तिथे शिकवायला जाते. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी एकेकाला आत बसवते, दिवा बंद करून. काही शिकवत नाही, नुसतं बसवते. कागद सोलायला मनाई करत नाही.

पण मला त्या दिवसाचं राहिलेलं सांगायचं आहे.

चक्की

चप्पल केंद्रावरच विसरले. जोडे घालूनच घरी निघाले. नाल्याकडची गल्ली आली, ती मी सोडली. चक्कीकडे वळले.

रामटेकेंच्या ओट्यावर नेहमीच्या चौघी होत्या, डबे रांगेत. मी हळू चालत गेले. जोडे वाजत होते. उत्तर तोंडात तयार होतं.

कोणी वर पाहिलं नाही. गॅसवाल्याने एकीचं सिलेंडर दुसरीच्या घरी दिलं होतं आणि भांडण अगदी रंगात आलं होतं.

कोपऱ्यापर्यंत गेले. काहीतरी विसरल्यासारखं केलं आणि परत आले. पुन्हा तिथून गेले. एवढी वर्षं ज्यांच्या भीतीने मी नाल्याचा वास घेतला, त्या बायांना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता.

घरी गेले. आई मेसवरून आली होती.

"हे काय, जोडे घालूनच आली? आणि चप्पल?"

"राहिली तिकडे. उद्या आणते."

आईच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"गव्हाचा डबा दे," मी म्हणाले.

"कणीक भरपूर आहे घरात."

"असू दे."

डबा कडेवर घेतला, चक्कीवर गेले आणि रांगेत शेवटी ठेवला. सिलेंडरचं मिटत आलं होतं. रामटेके काकूंची नजर डब्यावर गेली, डब्यावरून खाली जोड्यांवर, आणि तिथून सावकाश वर माझ्या तोंडापर्यंत.

"अवं, डिंपल ना तू? किती दिवसांनी! अन् हे काय पायात? काय करून राहिली सध्या?"

आतून चक्कीचा पट्टा धडधडत होता. हळू बोलून काही उपयोग नव्हता. म्हणून मी मोठ्याने सांगितलं.